तोटीच्या तोंडाशी

आमची कंपनी पेट्रोल भरून न्यायचे प्लास्टिकचे कॅन बनवते. लाल रंगाचे, वर हँडल, पुढे तोटी. मी तिथं तक्रारींच्या फोनवर बसते. कॅनबद्दल सहसा कुणी बोलत नाही. जे काही येतं ते तोटीबद्दल.

पूर्वी तोटी म्हणजे साधी नळी असायची. कॅन वाकवला की पेट्रोल यायचं. मग नियम बदलले आणि सगळ्याच कंपन्यांना आपोआप बंद होणारी तोटी लावावी लागली. अंगठ्यानं एक खटका दाबायचा, तो दाबलेला ठेवून तोटीची कड टाकीच्या तोंडावर रेटायची, म्हणजे आतली स्प्रिंग मागे सरकते आणि पेट्रोल यायला लागतं. यायला हवं, असं म्हणू या. एक हात हँडलला, एक कॅनच्या बुडाखाली, आणि खटक्याला तिसरा. "ही तोटी ज्यानं काढली त्याला देवानं हात किती दिलेत, तेवढं विचारून सांगा," असं एक गृहस्थ मला अगदी शांतपणे म्हणाले होते. दुसऱ्या एकानं तर काहीच न बोलता फोन कॅनजवळ धरला. गुडुक. मग काही नाही. मग बऱ्याच वेळानं पुन्हा एक गुडुक. "ऐकलंत?" म्हणाला. ऐकलं होतं. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं, "तुमची तक्रार लिहून घेतली आहे."

घरी हे उत्तर चालत नसे.

माझ्या सासूबाईंना लोक गवतमावशी म्हणतात. शाळेचं मैदान, दवाखान्यापुढची हिरवळ, लोकांची अंगणं, जिथं गवत वाढेल तिथं त्या आपलं मशीन ढकलत जातात. सूतगिरणी बंद पडल्यावर हातात जे काही पैसे आले त्यातून त्यांनी एक जुनं मशीन घेतलं आणि पुन्हा कुणाच्या नोकरीत पाऊल टाकलं नाही. साठी उलटली तरी दोरीच्या पहिल्या झटक्यात मशीन सुरू करतात. मी त्यांना आई म्हणते. माझा नवरा लिफ्ट दुरुस्तीला जातो, आणि आम्हा दोघींचं वाजलं की घरातसुद्धा तो दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसतो.

आमचं वाजायचं ते या तोटीवरून. घरात तिला नावच पडलं होतं, 'तुझी तोटी'. जशी काही मी ती माहेराहून घेऊन आले होते.

"तुझ्या तोटीनं आज माझ्या चपलेला पेट्रोल पाजलं."

"आई, कड नीट टेकवून मग दाबायचं."

"टेकवली. दाबली. टाकी कोरडी आणि मी ओली. आडात आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी म्हण आता नव्यानं काढायला पाहिजे."

नवा कॅन घरी आला की त्यांचा एक ठरलेला विधी असे. कॅनच्या गळ्यात तारेची एक बारीक जाळी बसवलेली असते, शिंपी बोटात घालतो त्या टोपणासारखी पण लांबट. आई पक्कड घालून ती उपटून काढायच्या. "पेट्रोल काय चहा आहे, गाळून घ्यायला? हिच्यामुळंच धार बारीक होते." काढलेल्या जाळ्या त्या टाकून मात्र देत नसत. एक मोरीच्या भोकात बसवली होती, केस अडकायला. एकीत खिडकीतली बारकी कात्री उभी राहायची. मला ते काटकसरीचं वाटायचं. तक्रारींच्या फोनवर बसणाऱ्यांना आमच्याकडे कॅनची किंमत पाठ करायला लावतात, जाळी कशासाठी असते ते कुणी शिकवत नाही.

मग आईंच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजायला लागलं. इतकी वर्षं मशीनचा दांडा धरून ते झिजलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं. दोरी ओढता येई, दांडा धरता येई, पण खटका म्हणजे त्यांच्यासाठी शिक्षा झाली. दात आवळून दाबायच्या. एका सकाळी त्यांनी अंगठ्याऐवजी पक्कडच लावली आणि खटका मुळापासून तुटून उडाला. पुढं त्या पाण्याची बाटली अर्धी कापून तिचं नरसाळं करायला लागल्या. तोटी काढायची, बाटली लावायची, भसाभस ओतायचं. मशीन तापलेलं असलं तरी थांबायचं नाही, कारण दवाखान्याचं गवत दुपारच्या आत व्हायलाच हवं.

"मला जुनी नळी आणून दे," त्या म्हणाल्या. "साधी. भोक असलेली. तुझ्या कंपनीत एवढी मोठी माणसं आहेत, नळीला भोक पाडता येत नाही कुणाला?"

मी सुट्टीच्या दिवशी तो कॅन पिशवीत घालून त्यांच्याबरोबर बाहेर पडले.

पहिल्या दुकानदारानं एक टोपलीच पुढं ठेवली. पिवळ्या तोट्या, काळ्या तोट्या, वाकड्या, सरळ. एकाही तोटीचे आटे आमच्या कॅनच्या आट्यांत बसेनात. एक अर्ध्या फेऱ्यात अडकली, एक गोल गोल फिरत राहिली, धरेचना. दुसऱ्या दुकानात 'सर्व कॅनना चालेल' असं छापलेलं पाकीट मिळालं. आईंनी तिथंच फोडून लावून पाहिली.

"सर्व कॅनना चालते म्हणता ना?"

"चालते की."

"मग हा कॅन नाही का?"

दुकानदारानं कॅन उलटासुलटा करून पाहिला. "हा कंपनीचा कॅन आहे, मावशी. त्याला त्याच कंपनीची तोटी लागते."

"आणि ती कंपनी म्हणते, नुसती तोटी विकत नाही, नवा कॅन घ्या," आई माझ्याकडं बघून म्हणाल्या. मी पाकिटावरची अक्षरं वाचत राहिले.

तिसऱ्या ठिकाणी एक माणूस जुनं सामान विकत बसला होता. त्याच्याकडे खरंच जुन्या नळ्या होत्या. एक तर आट्यांत बसलीसुद्धा! आईंचा चेहरा उजळला. मग त्यांनी कॅन तिरका केला आणि सांध्यातून पाणी गळायला लागलं, आम्ही बघायला पाणीच भरलं होतं म्हणून बरं. आतला रबरी वायसर वाळून तडकला होता. हातातोंडाशी आलेला घास गेला, अशी गत. आम्ही परत आलो तेव्हा पिशवीत तीन तोट्या होत्या आणि त्यातली एकही कामाची नव्हती.

पुढच्या कामाच्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत आमच्याच कारखान्याच्या सामानघरात गेले. जुन्या बनावटीची एखादी तोटी पडली असेल का, विचारलं. तिथला माणूस म्हणाला, "जुना माल आमच्याकडे राहत नाही. आगकाकांकडे बघा. ते सगळं जपून ठेवतात."

आगकाकांचं नाव मी ऐकून होते, माणूस पाहिला नव्हता. ते चाचणी विभागात होते, आणि चाचणी विभाग म्हणजे आवाराच्या पार टोकाला, कुंपणाजवळ, बाकी सगळ्यांपासून लांब उभी केलेली एक शेड. तीन बाजूंना काँक्रीटच्या भिंती, चौथी उघडी. वाळूच्या बादल्या, आग विझवायची लाल नळकांडी, आणि उघड्या बाजूला जाड काचेचा एक पडदा. काका पन्नाशीचे असतील. उंच, वाकलेले, आणि भुवया इतक्या विरळ की चेहऱ्यावर कायम थोडं आश्चर्य दिसायचं.

"साधी नळी?" ते म्हणाले. "आहे. कपाटभर आहेत. पण कुणासाठी?"

मी आईंचं सांगितलं. अंगठा, खटका, कापलेली बाटली. ते ऐकत होते आणि मान हलवत होते, आणि मग मी सहज, गमतीनं, मोरीतल्या जाळीचंही सांगितलं.

त्यांची मान हलायची थांबली.

"जाळी काढून टाकतात?"

"हो. धार बारीक होते म्हणतात."

काकांनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "ताई, तुम्ही या काचेमागं उभ्या राहा. जेवण झालंय ना? बरं. मग बघा."

त्यांनी दोन छोटे धातूचे कॅन आणले, आमच्या कॅनच्याच घाटाचे, चाचणीसाठी खास केलेले. एकाच्या गळ्यात जाळी होती, दुसऱ्याच्या नव्हती. दोन्हीत त्यांनी अगदी थोडं पेट्रोल घातलं, तळ ओला होईल एवढंच, हलवलं आणि ओतून टाकलं. "रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा वाईट," ते म्हणाले. "पेट्रोल जळत नाही, वाफ जळते. आणि रिकाम्यात वाफेला भरपूर जागा." मग ते माझ्या बाजूला काचेमागं आले आणि लांब दांडीच्या टोकाला पेटवलेला बोळा त्यांनी पुढं सरकवला, आधी जाळीवाल्याकडं.

कॅनच्या तोंडाशी भप् करून एक निळी ज्योत उमलली. आणि तिथंच उभी राहिली.

मी वाट बघत होते की आता ती आत जाईल. आत वाफ होती, तिचं खाणं होतं, जायला तोंड उघडं होतं. ज्योत त्या जाळीवर वाकली, डोलली, कडेकडेनं फिरली, जणू दार शोधत होती. जाळीला डोळ्यात भरेल असं एकही भोक नव्हतं, पण ती काही बंदही नव्हती. तिच्यातून उजेड दिसत होता, हवा जात होती. फक्त आगीला तिथून जाता येत नव्हतं. हळूहळू ज्योत पिवळी झाली, लहान झाली आणि विझली. कॅन होता तसा होता.

"आता हा," काका म्हणाले.

दुसऱ्या कॅनकडं बोळा पोचायच्या आधीच तो पेटला असं मला वाटलं. आवाज कानांनी नाही, छातीनं ऐकला. कॅनच्या तोंडातून माणसाच्या हाताएवढी, नाही, त्याहून मोठी, सरळ सोट आगीची जीभ बाहेर आली आणि शेडच्या उघड्या भागात पोचून गेली. सगळं इतक्या पटकन झालं की मी ओरडले ते झाल्यानंतर. काचेवर माझ्याच दोन्ही हातांचे ओले ठसे उमटले होते.

त्या दोन कॅनमध्ये फरक फक्त त्या टोपणाएवढ्या तारेचा होता. आमच्या मोरीतल्या.

घरी जाऊन मी आईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भांडी घासत राहिल्या.

"मी किती वर्षं ओततेय," त्या म्हणाल्या. "मला काही झालं?"

"नाही झालं. पण आई, मी डोळ्यांनी बघितलं."

"कंपनीचा माणूस कंपनीचीच तोटी चांगली म्हणणार. त्याचा पगार आहे तो."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं, त्यांनी वरच्या साहेबांना विचारलं, आणि पुढच्या चाचणीच्या दिवशी आईंना आत सोडायची परवानगी मिळाली. मनातून मी धास्तावलेच होते. आई तिथं कुणाला काय बोलतील सांगता येत नव्हतं, आणि नोकरी माझी होती. हात दाखवून अवलक्षण.

आई ठेवणीतले कपडे घालून आल्या. हातात पिशवी, पिशवीत तुटक्या खटक्याचा कॅन, पुरावा म्हणून. काकांनी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत.

"दाखवा काय ते," म्हणाल्या.

काकांनी तेच केलं. आधी जाळीचा कॅन. निळी ज्योत आली, तोंडाशी उभी राहिली, डोलली, विझली. मग बिनजाळीचा. त्या आवाजानं मी दुसऱ्यांदा दचकले. आई दचकल्या नाहीत. निदान मला तसं वाटलं. मग पाहिलं तर त्यांनी माझं मनगट धरलं होतं, आणि त्या दुखऱ्या अंगठ्यानं एवढं घट्ट की पुढं दिवसभर तिथं लाल वळ होता.

"परत दाखवा," त्या म्हणाल्या.

"मावशी, तेच दिसणार."

"तो मोठा नको. पहिला. जाळीचा."

काकांनी परत दाखवला. आई काचेला नाक लावून बघत होत्या. ज्योत जाळीवर ओठंगून उभी होती, आणि आतल्या काळोखात एक ठिणगीसुद्धा उतरत नव्हती.

"ही आत का जात नाही?" आईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तिला कोण अडवतंय?"

"तार," काका म्हणाले. "ज्योत त्या बारक्या भोकांतून जायला बघते, तेव्हा चहूबाजूंची तार तिची उष्णता ओढून घेते. ज्योत गार पडते. आणि गार पडलेली ज्योत ही ज्योतच नसते ना. पलीकडं पोचते ती नुसती धुरकट हवा."

"एवढंच?"

"एवढंच. तिला ना स्प्रिंग, ना खटका. काही हलत नाही, काही झिजत नाही. नुसती असते."

कॅन गार झाल्यावर काकांनी जाळी चिमट्यानं काढून आईंच्या तळहातावर ठेवली. इतक्या वेळा त्यांनी ती पकडीनं उपटली होती, पण आज ती पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या बघत राहिल्या. बोटाचं टोक तिच्या भोकांवरून फिरवलं. मग मघाच्या खुर्चीत बसल्या.

कुंपणापलीकडून एक मालगाडी गेली.

"पोरगी शेजारी असायची," आई म्हणाल्या. माझी मुलगी. तिला शाळेला सुट्टी असली की आई तिला बरोबर न्यायच्या, ढकलगाडीत बसवून. "मशीन तापलेलं असायचं. वरून सायलेन्सर लाल. मी बाटली लावून ओतायची आणि पोरगी खालून कॅन धरायची. माझा कॅन हिनं धरायचा, दोन्ही हातांनी. हौसेनं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "एकदा नाही गं. कितीदा. आणि दर वेळी काही झालं नाही."

मला वाटलं होतं मला राग येईल. आला नाही. माझ्या डोळ्यांपुढं ती सगळी अंगणं आली, दवाखान्यासमोरचं, शाळेचं, त्या सगळ्या दुपारी, आणि त्या प्रत्येक दुपारी न पेटलेली ती एक ज्योत. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं आपण किती सहज म्हणतो. इथं काळ रोज येत होता, शेजारी उभा राहत होता, आणि परत जात होता. कुणी परत पाठवलं त्याला? मीही वाळूच्या बादलीच्या काठावर टेकले.

काका भले माणूस. त्यांनी उपदेश केला नाही. चहा मागवला आणि चहा येईपर्यंत आईंच्या पिशवीतला कॅन काढून तुटका खटका बघत बसले.

चहानं आईंना थोडा धीर आला. धीर आल्याची खूण म्हणजे त्या भांडायला लागल्या.

"जाळीचं कळलं," त्या म्हणाल्या. "जाळीला माझा दंडवत. पण तोटी वाईट ती वाईटच. हा बघा अंगठा. ह्या अंगठ्यानं तुमचा खटका दाबून दाखवा बघू."

त्यांनी हात पुढं केला. काकांनी तो हात आपल्या हातात घेतला, सुजलेलं पेर हलकेच वाकवून पाहिलं, किती वाकतं, कुठं दुखतं. "तोटीची चाचणी आम्ही सगळी करतो," ते म्हणाले. "आग, ऊन, थंडी, वरून टाकणं. हाताची चाचणी फक्त एकाच हातानं झालीय." आणि त्यांनी आपला स्वतःचा भलामोठा पंजा वर केला.

मग ते कपाटाशी गेले. बराच वेळ आत डोकं घालून होते. बाहेर काढली ती एक बेढब तोटी. तिला खटका नव्हता, त्याऐवजी सायकलच्या ब्रेकसारखी रुंद मूठ होती. बर्फाळ भागात जाडजूड हातमोजे घालून काम करणाऱ्यांसाठी ती काढली होती, काका म्हणाले. अंगठा लागतच नाही, सगळा पंजा आवळायचा. सोडली की बंद.

आईंनी आवळून पाहिली. सहज आवळली गेली. त्यांनी ती आपल्या कॅनवर ठेवली, फिरवली, आणि थांबल्या.

"आटे," त्या म्हणाल्या.

आटे बसत नव्हते. कंपनीची तोटी, कंपनीचा कॅन, कंपनीच्या कपाटासमोर. आधी काका हसले, मग मी, मग आई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. ते हसणं सगळं काही त्या आट्यांसाठी नव्हतं.

"हिचा कॅनही असणार," काका म्हणाले आणि पुन्हा आत गेले. होता. धुळीनं भरलेला, पण धड. त्यांनी तो धुतला, पाणी भरून उलटा केला, दाबला, सांधे पाहिले, गळ्यात नवी जाळी बसवली आणि साहेबांना फोन करून तो कॅन नमुन्यांतून मोकळा करून घेतला.

"ही का विकत नाही तुम्ही?" आईंनी विचारलं.

"महाग पडते. आणि मागणी नाही म्हणतात."

"मागणी नाही?" आई माझ्याकडं वळल्या. "आणि ही दिवसभर कानाला फोन लावून काय ऐकते? भजनं?"

मी हे नंतर वरच्या साहेबांना सांगितलं, थोड्या सभ्य शब्दांत. ते 'बघू' म्हणाले. अजून बघताहेत. मी मात्र जाळी कशासाठी असते ते फोनवरच्या प्रत्येकाला सांगते, त्यानं विचारलं असो वा नसो. काहीजण वैतागतात. काहीजण मध्येच गप्प होतात, आणि त्या गप्प होण्यावरून मला कळतं की त्यांनीही ती उपटलेली आहे.

नवा कॅन घरी आला त्या संध्याकाळी नवरा कामावरून परतला नव्हता, मुलगी मैत्रिणीकडे होती. मागच्या अंगणात आईंनी मशीन कपडे धुवायच्या कट्ट्यावर चढवून ठेवलं होतं, वाकायला लागू नये म्हणून. दुपारी चालवलेलं ते मशीन पूर्ण गार होईपर्यंत त्या थांबल्या. हातानं चाचपून पाहिलं, पुन्हा थोडं थांबल्या. एवढं थांबताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग टाकीचं झाकण काढलं, तोटी लावली आणि मूठ आवळली.

आवाजच आला नाही. गुडुक नाही, काही नाही. पेट्रोल नुसतं आत उतरत गेलं, एका अखंड धारेत, आणि जेवढं उतरेल तेवढी हवा तोटीतल्या वेगळ्या वाटेनं कॅनमध्ये वर जात राहिली. टाकी भरत आली तसं ते आपणहून थांबलं. आईंची मूठ अजून आवळलेलीच होती. एक थेंब बाहेर नव्हता.

"झालं?" त्या म्हणाल्या.

"झालं."

त्यांनी तोटी उचलली, कॅन खाली ठेवला आणि झाकण लावायला हात पुढं केला. ऊन अगदी उतरतं होतं. आमच्या पाठीकडून येऊन समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडलं होतं, आणि भिंतीवर मशीनची मोठी सावली होती, दांडा, टाकी, टाकीचं उघडं तोंड, सगळं रेखल्यासारखं.

"अगं," आई म्हणाल्या. झाकण त्यांच्या हातातच राहिलं.

सावलीतल्या टाकीच्या तोंडातून काहीतरी बाहेर येत होतं.

मी मशीनकडं पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, टाकीचं तोंड आणि स्वच्छ हवा. पुन्हा भिंतीकडं पाहिलं. तिथं वाहत होतं. उजेडाच्या आणि अंधाराच्या बारीक बारीक लहरी, ओढ्याच्या तळाशी ऊन हलतं तशा, टाकीच्या तोंडावरून ओसंडत होत्या. त्या वर जात नव्हत्या. धुरासारख्या नव्हत्याच त्या. काठावरून खाली घसरत होत्या, टाकीच्या अंगावरून, कट्ट्यावर पसरत, कट्ट्याच्या कडेवरून पुन्हा खाली, जमिनीकडं.

"वाफ," मी म्हटलं. "हवेपेक्षा जड असते, काका म्हणाले होते."

"ही रोज असते?"

"रोज."

आईंनी हात त्या उघड्या तोंडावर धरला. भिंतीवर त्यांच्या हाताची सावली आली आणि लहरी तिच्या बोटांभोवतून वळून वाहायला लागल्या. हाताला काही लागत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्या एकदा हाताकडं बघत, एकदा भिंतीकडं. आम्ही त्या अंगणात कितीदा उभ्या राहिलो असू, कपडे वाळत घालताना, भांडताना, आणि हे सगळं आमच्या घोट्यांजवळून वाहत गेलेलं, मुकाट्यानं, कुणाला न दिसता.

शेवटी त्यांनी झाकण फिरवून घट्ट केलं. भिंतीवरचा प्रवाह तोंडाशी तुटला. जेवढा बाहेर आला होता तेवढा मात्र चालतच राहिला, कट्ट्यावरून उतरला, भिंतीच्या पायथ्याशी सावलीत मिसळला आणि दिसेनासा झाला. आता तो जमिनीवर होता, आमच्याकडंच येत असणार.

आईंनी पाय मागं घेतले आणि मलाही दंडाला धरून बाजूला ओढलं. एखादं मोठं माणूस जायला निघालं की आपण वाट देतो ना, तशा आम्ही दोघी बाजूच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलो, ते जाईपर्यंत.